ओटीपी कोणालाही सांगू नका: या वाक्यामागची गोष्ट

एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या काही तरुण कर्मचाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या चार ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळते झाले होते. त्यासाठी कोणी संगणकाचं कुलूप फोडलं नव्हतं. फोनवर मदत करण्याच्या निमित्ताने विश्वास कमावला आणि ग्राहकांच्याच तोंडून पिन काढून घेतले. कामावर जाता-येता झडती होत असल्याने आकडे पाठ करून ते बाहेर सायबर कॅफेत वापरले गेले, असं त्या वेळी सांगण्यात आलं.

वीस वर्षं उलटली तरी मी या विषयावर बोलताना याच प्रकरणापासून सुरुवात करतो. त्या वेळी पुण्यातून फोन जात होता आणि फसत होते ते अमेरिकेतले खातेदार. आज फोन कुठूनही येतो आणि फसतात ते पुण्याच्याच कोथरूड-सहकारनगरमधले निवृत्त लोक. युक्ती मात्र तीच, जुनी.

त्याआधीच्या काळात भीती होती ती यंत्राच्या आजाराची. रहिमतपूरहून आलेल्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारी यंत्रं बरीचशी व्हायरसमुळे बिघडलेली असत. मॉडर्न कॉलेजात शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली ती यातून. त्या काळातला मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कवरची माहिती पुसून टाकायचा. नुकसान मोठं, पण त्या व्हायरसला तुमचं नाव, पत्ता किंवा खातं यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. फ्लॉपी तपासून घेतली की माणूस निर्धास्त.

कायदाही त्याच मनःस्थितीतला होता. १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा मुख्य भर इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देण्यावर होता. माणसाच्या खासगी माहितीचा विचार त्यात फारसा नव्हता. पुण्यातल्या प्रकरणासारख्या घटनांनंतर परदेशी ग्राहकांची माहिती भारतात सुरक्षित राहते का, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. तिने माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय केली आणि दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी सक्तीची केली. आपल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येऊ लागला तो या वाटेने.

ओटीपीचं काम समजावून सांगायला मराठीत एक नेमका शब्द आहे: शिक्कामोर्तब. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते', म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, अशी मोर्तब. मोर्तब उमटली की त्याखाली कोणी एक ओळही घुसडू शकत नसे. कागदाच्या सांध्यांवरही मागून शिक्के मारत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. ओटीपी ही तुमच्या व्यवहारावरची मोर्तब आहे. समोरचा 'फक्त पडताळणीसाठी नंबर सांगा' म्हणतो, तेव्हा मजकूर त्याने आधीच लिहून ठेवलेला असतो, तुमची मोर्तब तेवढी बाकी असते. माझ्या मावशीला 'कोड', 'ऑथेंटिकेशन' हे शब्द कितीदा सांगून कळले नव्हते. ही तुलना सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कोऱ्या कागदावर सही देण्यासारखंच की रे."

यंत्रावरचे हल्ले थांबले असंही नाही. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी, गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या, १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून एक तोतया दुवा उभा केला. एटीएममधून आलेल्या मागणीला बँकेऐवजी तो दुवाच 'द्या पैसे' असं उत्तर देत होता. बनावट कार्डं घेऊन २८ देशांत माणसं तयार होती. काही तासांत कोट्यवधी रुपये निघाले, आणि १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधल्या खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर होतं. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नसल्याचं बँकेने सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

इथे एक फरक ठळकपणे सांगायला हवा, कारण तो अनेकांना फार उशिरा कळतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार शून्य. पण पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणून फसलो हे लक्षात आल्यावर लाजेने गप्प बसण्यात घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

खासगीपणाच्या हक्काची वाट वेगळी, आणि तिलाही पुण्याचा एक धागा आहे. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना न्यायालयाची दारं बंद केली. त्या बहुमतात पुण्यात जन्मलेले, आयएलएस विधी महाविद्यालयात शिकलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यात त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूरचा तो निकाल सदोष ठरवला. खासगीपणाचा हा खटला उभा राहिला तो निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या आधारविरोधी याचिकेतून. आणि देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी.

निकाल लागला, पण झेरॉक्सच्या दुकानातली सवय तशीच राहिली. भाडेकरार असो, लॉजची खोली असो, आधारची झेरॉक्स दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने झेरॉक्स सरसकट देऊ नका, अशी सूचना काढली. गैरसमज होईल म्हणून सरकारने ती दोन दिवसांत मागे घेतली. मला ती सूचना योग्यच वाटली होती. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतं. बहुतेक ठिकाणी ते पुरतं, पण मागणाऱ्यालाच ते माहीत नसतं.

२०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि भाजीच्या गाडीपर्यंत क्यूआर पोचला. मोबाइल नंबर हीच बँकेची किल्ली झाली. 'पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' ही फसवणूक तेव्हापासूनची. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढी साधी गोष्ट सांगणारं कोणी नव्हतं. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असे खोटे मेसेज इतके पसरले की महावितरणला ग्राहकांना सावध करावं लागलं. मग पोलिसांच्या गणवेशातले व्हिडिओ कॉल आले, 'तुम्हाला फोनवरच अटक झाली आहे' असं धमकावणारे, 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही.

अशा फसवणुकीच्या तक्रारीसाठी २०२१ मध्ये सुरू झालेला १५५२६० हा फोन क्रमांक २०२२ मध्ये १९३० झाला. त्यामागचा हिशोब वेळेचा आहे. चोरलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवली जाते. ती काढून घेण्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या बँका तेवढी रक्कम रोखू शकतात.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. कामापुरतीच माहिती घ्या, काम संपलं की पुसून टाका, हे त्याचं मूळ सूत्र. आमच्या सोसायटीच्या सभेत मी ते वाचून दाखवलं. फाटकावरच्या वहीत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फ्लॅट आणि मोबाइल नंबर लिहिला जातो, आणि ती वही दिवसभर खुर्चीवर उघडी पडलेली असते. पाऊण तास वाद झाला. नवीन वहीत मोबाइलचा रकाना नाही. जुन्या अकरा वह्या अजून वॉचमनच्या खोलीतल्या कपाटावर आहेत, त्यांचं काय करायचं ते पुढच्या सभेत ठरेल.