वाणीदोष-प्रतिबंध (शालापूर्व वयातील)

जन्मापासून सुमारे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये उच्चार, बोलण्याचा ओघ, आवाज आणि भाषेची समज यांत दोष निर्माण होऊ नयेत, झालेच तर ते वेळीच ओळखले जावेत आणि मुलाच्या शिक्षणाला व मनाला त्यांची झळ कमीत कमी लागावी, यासाठी करायच्या उपायांना वाणीदोष-प्रतिबंध म्हणतात. सगळेच दोष टाळता येत नाहीत. आनुवंशिक बहिरेपणा, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा मेंदूचा जन्मजात पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) यांवर घरच्यांचा काही ताबा नसतो. मात्र असे मूल पुढे कितपत बोलू शकेल, हे उपचार कोणत्या वयात सुरू झाले यावर फार अवलंबून असते. म्हणून ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ अशा समजुतींवर विसंबून घालवलेली वर्षे हेच या क्षेत्रातले सर्वांत मोठे नुकसान आहे.

वाणीची सुरुवात कानापासून होते. दर हजार नवजात बालकांमागे साधारण १ ते ३ बालकांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो. अशी बाळेही पहिले काही महिने इतरांसारखीच हुंकार देतात, त्यामुळे शंका येत नाही. पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू व्हायच्या वयात ती गप्प होऊ लागतात. थाळी वाजवून किंवा दार आपटून घरच्या घरी केलेली परीक्षा फसवी ठरते, कारण बाळ हालचालीने, सावलीने किंवा जमिनीच्या कंपानेही मान वळवते. खात्रीचा मार्ग म्हणजे आवाजाला आतल्या कानाकडून परत येणारा सूक्ष्म ध्वनी टिपणारी ‘ओएई’ ही चाचणी. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून ती काही मिनिटांत होते, दुखत नाही. तीत शंका आली तर आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी ‘बेरा’ चाचणी करतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचार हे वेळापत्रक जगभर प्रमाण मानले जाते. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, तीव्र कावीळ झालेली, जन्मतः उशिरा रडलेली किंवा जेंटामायसिनसारखी कानाला अपाय करू शकणारी औषधे द्यावी लागलेली बाळे जास्त जोखमीची असतात. त्यांची चाचणी सुटता कामा नये.

काही कारणे जन्माआधीच रोखता येतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला, तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू व हृदयदोष होण्याचा धोका फार मोठा असतो. गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. नियमित लसीकरणात ही लस ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत देतात. आयोडीनयुक्त मीठ आणि जन्मानंतर टाचेच्या रक्तावरून होणारी थायरॉइडची तपासणी यांमुळे मतिमंदत्वासह येणारे वाणीदोष टळतात. आते-मामे भावंडांत लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. घराण्यात जन्मजात बहिरेपणा असेल तर अशा लग्नाआधी आनुवंशिकी सल्ला घेणे हिताचे असते.

दोन ते पाच या वयात सर्दी, नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथीची वाढ आणि कान फुटणे या नेहमीच्या तक्रारी असतात. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले की मूल पूर्ण बहिरे होत नाही, पण ‘स’, ‘फ’, ‘ख’ असे हलके आवाज त्याला पुसट ऐकू येतात आणि उच्चारही तसेच पुसट बनतात. दूरचित्रवाणीचा आवाज वाढवणे किंवा हाकेला कधी ओ देणे, कधी न देणे हा हट्टीपणा समजण्याआधी कान तपासावा. वाहत्या कानात गरम तेल घालू नये. जन्मतः दुभंगलेला ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात आणि टाळू ९ ते १८ महिन्यांच्या वयात शिवतात. टाळू उशिरा शिवली तर शब्द नाकातून येण्याची सवय पक्की होते. जिभेखालचा पडदा आखूड असणे मात्र उशिरा बोलण्याचे कारण नसते. तो कापून मूल बोलू लागेल या आशेने बराच वेळ वाया जातो.

बोबडे बोल हा सर्वसाधारण विकासाचाच भाग आहे. ‘काका’चे ‘ताता’ आणि ‘राजा’चे ‘लाजा’ तीन वर्षांच्या मुलाने केले तर काळजी नको. ‘र’ पक्का व्हायला पाच-सहा वर्षेही लागू शकतात. तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला मुलाचे बरेचसे बोलणे आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सगळे कळले पाहिजे. तपासणाऱ्याने बोलीचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. वऱ्हाडात ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात आणि कित्येक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. तसे बोलणारे मूल सदोष नाही, ते आपल्या घरची भाषा बिनचूक शिकलेले आहे. दोन भाषांचेही तसेच. इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत जाणाऱ्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांना ‘घरी मराठी बंद करा’ असा सल्ला अजूनही मिळतो. द्विभाषिकतेने वाणीदोष होत नाही. उलट ज्या भाषेत आई-आजीला मोकळेपणाने बोलता येते ती बंद केली, की घरातले बोलणेच आटते.

ते बोलणे हाच प्रतिबंधाचा गाभा आहे. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, रस्त्याने जाताना चाललेल्या गोष्टींना नावे देत जाणे, मुलाने ‘भू’ म्हटले की ‘हो, भू भू आला, शेपूट हलवतोय’ असे वाढवून म्हणणे, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबणे, बडबडगीते हातवाऱ्यांसह म्हणणे यांसाठी पैसा लागत नाही. मोबाइलवरचे गाणे मुलाला शब्द ऐकवते, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्हीचा पडदा पूर्ण टाळण्यास सांगते. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांत, वाक्ये लांब होऊ लागताना सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा आपोआप जातो. ‘नीट बोल’, ‘थांबून बोल’ असे टोकणे, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावणे, चिडवणे टाळावे. मोठ्यांनी स्वतःचाच वेग कमी करावा. सहा महिन्यांहून अधिक काळ तो टिकला, घराण्यात कुणी तोतरे असले, किंवा बोलताना मुलाचा चेहरा ताणला जाऊ लागला, तर वाट न पाहता वाचाउपचारतज्ज्ञाकडे जावे.

जीभ ‘हलकी’ व्हावी म्हणून तान्ह्या बाळाच्या जिभेला मधात उगाळलेले वेखंड लावण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यामागे माया असली, तरी एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझमची गंभीर विषबाधा होऊ शकते. शिवाय बोलणे उशिरा येण्याचे मूळ सहसा जिभेत नसतेच.

सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे न वळणे, वर्षाच्या वयात बडबड किंवा बोट दाखवणे नसणे, नावाने हाक मारल्यावर न पाहणे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’ अशी दोन शब्दांची जोडी नसणे आणि कोणत्याही वयात आलेले शब्द हरवणे, या खुणा दिसताच तपासणी करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा, दुभंगलेले ओठ-टाळू आणि भाषाविकासातील विलंब यांचा समावेश आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात आणि संशयित मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे येथील वाणी व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) आणि नायर रुग्णालय येथे तपासणी, उपचार व तज्ज्ञांचे प्रशिक्षण चालते. तालुक्याच्या गावी वाचाउपचारतज्ज्ञ सहज मिळत नाही. तिथे मुलाला रोज पाहणारी अंगणवाडी सेविका हीच पहिली पारखी असते, आणि या खुणा तिला नीट शिकवलेल्या असणे महागड्या यंत्राइतकेच मोलाचे आहे.