जड धातूंचे अन्नातील बंधन

शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक हे विषारी धातू अन्नातील प्रथिने, आम्ले इत्यादी जैव रेणूंना रासायनिक बंधाने जखडले जाण्याची क्रिया. (आर्सेनिक खरे तर उपधातू, पण विषारीपणामुळे याच पंगतीत बसतो.) धातू कोणाला बिलगला आहे, यावरच तो धुऊन-शिजवून निघेल का आणि शरीरात कुठे साठेल, हे ठरते.

यात मुख्य कर्तबगारी गंधकाची. सिस्टीन या ॲमिनो आम्लात गंधक व हायड्रोजन यांचा थायोल गट असतो आणि पाऱ्याला त्याची विलक्षण ओढ. थायोलांचे जुने नाव ‘मरकॅप्टन’ हे ‘पाऱ्याला पकडणारा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले. पारा-गंधक खलात घोटून कज्जली करणाऱ्या वैद्यांना ही ओढ केव्हाच ठाऊक होती. कोकणातून घाट चढून कोल्हापुरात येणाऱ्या सुरमईसारख्या मोठ्या, शिकारी माशांत पारा बहुतांशी मिथिल पाऱ्याच्या (कार्बनी गटाशी जोडलेल्या पाऱ्याच्या) रूपात, मांसातील प्रथिनांना धरून असतो. बांगडा, तारली यांत तो कमी. चरबीत तो नसल्याने कातडी काढून वा तळून जात नाही. पोटात गेल्यावर मिथिल पारा आणि सिस्टीन यांची जोडी मेथिओनीन या ॲमिनो आम्लासारखी भासते व त्याच्याच वाटेने मेंदूत शिरते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला आजार याच मिथिल पाऱ्याचा.

कॅडमियम फॉस्फेट खतांबरोबर शेतात येते. वनस्पती त्याला फायटोकिलेटिन या गंधकयुक्त साखळ्यांत बांधून पेशींतील रिक्तिकांत (द्रवाने भरलेल्या पिशव्यांत) कोंडतात. पालक कितीही धुतला तरी त्यामुळे माती तेवढी जाते. प्राण्यांत हे काम मेटॅलोथायोनीन हे प्रथिन करते. १९५७ मध्ये ते घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले. त्याच्या एका रेणूत वीस सिस्टीन असतात व ते सात धातू-आयन धरू शकतात. ही कोठडी इतकी पक्की की माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियम दशकानुदशके राहते. कोल्हापुरासारख्या मटणाच्या शौकिनांच्या गावात हेही सांगावे : बोकडाच्या गुरद्यातही ते मांसापेक्षा जास्त साठते.

शिशाची तऱ्हा वेगळी. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असेल, तर चिंचेतील टार्टरिक वा लिंबातील सायट्रिक आम्ल त्याला धरून आमटीत उतरवते. (ताक कळकते ते तांब्यामुळे, शिसे अशी चव देऊन सावध करत नाही.) शरीरात ते हीम (हीमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग) तयार करणाऱ्या एका विकरातून (एन्झाइममधून) जस्ताला हुसकावते आणि कॅल्शियमच्या जागी हाडांत मुक्काम करते.

ज्वारीच्या भाकरीतील फायटिक आम्ल आतड्यात काही धातूंना अडवते, पण त्याच मुठीत लोह व जस्तही आवळते. लोह कमी पडले की आतडे लोहाचे वाहक (लोह आत नेणारी प्रथिने) वाढवते आणि त्याच वाहकांवरून कॅडमियमही आत येते. पंडुरोगी स्त्रियांत ते अधिक शोषले जाते ते यामुळे.