गुबगुबीत देवनागरी आणि ‘मोदक’ फॉन्ट: पार्श्वभूमी

‘क्ष’ जाड करायला घ्या, अडचण लगेच कळते. वर शिरोरेषा, मधे गाठ, शेजारी काना. रेघ फुगवत गेलं की आतल्या पोकळ्या बुजतात आणि अक्षराचा नुसता डाग उरतो. रोमन लिपीला हा त्रास बराच कमी. शिकागोच्या ऑझवाल्ड कूपर यांचं ‘कूपर ब्लॅक’ हे गोलसर, जाडजूड अक्षर 1922 मध्येच शिशात ओतून बाजारात आलं होतं.

आपल्याकडे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत असं अक्षर रुजणं अवघडच होतं. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा-उकार धरले तर देवनागरीच्या एकाच आकाराच्या संचाला शेकडो खिळे लागत. मुंबईत जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याचं नाव झालं ते पोथ्या-पुस्तकांत वाचायच्या सुबक टायपामुळे. इतकी मेहनत आणि इतकं शिसं शोभेच्या अक्षरावर कोण घालणार?

मग शोभेचं अक्षर हाताकडे गेलं. दुकानाची पाटी पेंटरने रंगवायची, नाटकाच्या जाहिरातीतलं नाव चित्रकाराने काढायचं आणि त्याचा ब्लॉक करून छापायचा. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांची, मासिकांची शीर्षकं अशीच घडवली. हाताने काढताना जागेवर तडजोड करता येते: इथली पोकळी थोडी उघडायची, तिथली वेलांटी आखूड करायची. संगणक आल्यावर साध्याच फॉन्टला बाहेरून जाड कडा चढवण्याची सवय लागली, आणि ही नजरच सुटली. त्या काळातल्या फलकांवरचे बुजलेले ‘ख’ आणि ‘ण’ पाहून मला अजूनही वाईट वाटतं.

2015 मध्ये मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मोदक’ हा फॉन्ट आणला. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. सुरुवात हाताने काढलेल्या अक्षरांपासूनच झाली होती. पोकळ्या वाचवण्याचा हट्टच त्यांनी सोडला. त्या मिटत मिटत बारीक रेघा होतात, आणि काळ्या गोळ्यावर उरलेली ती रेघच अक्षर ओळखायला पुरते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या आठवाव्यात, तशा त्या चिरा दिसतात. माझ्या मते देवनागरी जाड करण्याचं याहून धीट उत्तर अलीकडे कुणी दिलेलं नाही.

याच गटाचा ‘बालू’ जरा सौम्य. तोही जाड आणि गोलसर, पण पोकळ्या मोकळ्या. तो अनेक भारतीय लिप्यांत आला आणि देवनागरीबाहेरच्या लिप्यांत त्याला भावाचं नाव मिळालं: गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, तमिळमध्ये थंबी, मल्याळममध्ये चेट्टन. पुढच्या ‘बालू 2’मध्ये 400 ते 800 अशी पाच वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायऱ्या, आहेत. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे, म्हणजे गल्लीतल्या मंडळालाही फुकट.

लहान मुलांच्या पुस्तकाचं शीर्षक, खाऊचं पाकीट, शाळेचा फलक यांना ‘बालू’ शोभतो. परिच्छेदासाठी त्याचं हलकं वजनच घ्यावं. ‘मोदक’ मात्र दोन-चार शब्दांपुरता, आणि तोही मोठाच. लहान केला की त्या चिरा शाईत बुडतात. शब्द दोन ओळींत मांडायचा झाला तर मधे भरपूर जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर जाऊन बसतो.