पार्श्वभूमी : १४६ दुकानं आणि एक पाटी

अमेरिकेतल्या क्रोगर आणि अल्बर्टसन्स या दोन किराणा साखळ्यांचं २४.६ अब्ज डॉलरचं विलीनीकरण १० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयात अडलं. दुसऱ्याच दिवशी अल्बर्टसन्सने करारातून अंग काढून घेतलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये घोषणा झाल्यापासून सगळा वाद एका आकड्याभोवती फिरत होता : किती दुकानं तिसऱ्याला विकली म्हणजे स्पर्धा शाबूत राहिली म्हणायचं? आधी ४१३ ठरली, मग ५७९. या आकड्यावर कुणाचा विश्वास का बसेना, याचं उत्तर २०१५ मध्ये आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या दोन साखळ्यांचं विलीनीकरण बेकायदा ठरवलं होतं. दोघींचा मिळून वाटा जेमतेम ७.५ टक्के. आज हसू येईल, पण न्यायालयापुढे दुसराही आकडा होता. त्या शहरात एकच दुकान चालवणारे किराणा व्यापारी १९५० मध्ये ५,३६५ होते, १९६१ मध्ये ३,८१८ उरले. १९८० नंतर वारं फिरलं. छोटा दुकानदार टिकतो की नाही हा प्रश्न बाजूला पडला, ग्राहकाला भाव चढा पडेल का एवढंच पाहिलं जाऊ लागलं.

मग साखळ्या साखळ्यांना गिळत गेल्या, पण पाट्या काढल्या नाहीत. राल्फ्स हे लॉस एंजेलिसचं १८७३ पासूनचं नाव. ते आधी फ्रेड मेयर या दुसऱ्या साखळीकडे गेलं आणि १९९९ मध्ये फ्रेड मेयरसकट क्रोगरकडे. पाटी राल्फ्सचीच. ग्राहकाला वाटतं आपण गावच्या दुकानात जातो. खरेदीचा निर्णय मात्र दूरच्या मुख्यालयात होतो, आणि आसपासच्या छोट्या उत्पादकाला हा बदल ग्राहकाच्या आधी कळतो. पूर्वी तो ओळखीच्या खरेदी अधिकाऱ्याला भेटून चार-सहा दुकानांपुरता माल लावायचा. आता शेकडो दुकानांना पुरेल एवढा माल, शेल्फवरच्या जागेचे पैसे आणि वर साखळीच्या स्वतःच्या लेबलशी स्पर्धा. तेव्हा ‘लोकल ब्रँड’ म्हणताना पाटी, मालक की माल, यातलं नेमकं काय लोकल, हे आधी विचारलेलं बरं.

२०१५ च्या प्रकरणात हाच गोंधळ नडला. अल्बर्टसन्स तेव्हा सेफवे ही दुसरी किराणा साखळी विकत घेत होती. ज्या भागांत दोघींची दुकानं समोरासमोर होती तिथली १६८ दुकानं विकण्याच्या अटीवर स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने होकार दिला. त्यातली १४६ एकट्या हॅगनने घेतली. हॅगन ही वॉशिंग्टन राज्यातली १९३३ पासूनची साखळी, दुकानं फक्त १८. कागदावर हे चित्र फार गोड होतं : बड्यांच्या हातून निसटलेली दुकानं एका स्थानिक घराण्याकडे. प्रत्यक्षात २०११ पासूनच तिचा मोठा हिस्सा दूर फ्लोरिडातल्या एका गुंतवणूक फंडाकडे होता.

१८ ची १६४ झाली, तीही पाच राज्यांत आणि काही महिन्यांत. दुकान थोडे दिवस बंद ठेवायचं, पाटी बदलायची, पुन्हा उघडायचं. आत तेच कर्मचारी, तेच काउंटर, पण सवयीच्या लेबलचा माल गायब आणि भाव चढे. भावाची तक्रार सगळीकडून आली. हॅगनने पुढे न्यायालयात आरोप केला की अल्बर्टसन्सने भावांची चुकीची आणि अपुरी माहिती दिली, म्हणून नकळत जास्त भाव लागले. दावा १ अब्ज डॉलरचा होता. मिटला तो ५७.५ लाख डॉलरवर. सप्टेंबर २०१५ मध्ये, म्हणजे पहिली पाटी बदलल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा हॅगनने दिवाळखोरीचा अर्ज केला. लिलावात निघालेली ३० हून अधिक दुकानं पुन्हा अल्बर्टसन्सनेच उचलली. जी विकल्याशिवाय विलीनीकरण नको म्हणून नियामक अडला होता, तीच दुकानं.

नियामकाची बाजू मांडणारे म्हणतात की चूक खरेदीदार निवडण्यात झाली, उपाय योग्य होता. मला हे पटत नाही. किराण्याचं दुकान चालतं ते मागच्या गोदामावर, ट्रकवर, भाव ठरवणाऱ्या यंत्रणेवर आणि पुरवठादारांशी वर्षानुवर्षांच्या व्यवहारावर. विकताना द्यायच्या त्या भिंती आणि फ्रीज, बाकीचं सगळं विकणाऱ्याकडेच राहणार असेल, तर घेणारा कितीही हुशार असो, पहिल्या दिवसापासून लंगडाच.

म्हणून क्रोगर-अल्बर्टसन्सची दुकानं घ्यायला पुढे आलेल्या कंपनीचं नाव आलं आणि हॅगनची आठवण निघाली. ती मुळात घाऊक पुरवठादार. स्वतः चालवत होती २३ दुकानं. वॉलमार्ट, कॉस्टको, अ‍ॅमेझॉन हेही किराणा विकतात, मग आम्हीच मोठे कसे, असा साखळ्यांचा युक्तिवाद होता. सुपरमार्केट नेमकं कशाला म्हणायचं यावर बराच काथ्याकूट झाला. पण घेणारा ही दुकानं चालवू शकेल, हे न्यायालयाला काही पटलं नाही.

हॅगनची उरलेली २९ दुकानं अल्बर्टसन्सने २०१६ मध्ये घेतली. त्यांतल्या काहींवर, वॉशिंग्टनच्या वायव्य भागात, हॅगनचीच पाटी ठेवली.