शार्दँच्या सिंहावलोकनी प्रदर्शनामागची दोनशे वर्षे

झाँ सीमेआँ शार्दँ या फ्रेंच चित्रकाराच्या मृत्यूला १९७९ साली दोनशे वर्षे झाली, तेव्हा पॅरिसच्या ग्राँ पाले या प्रदर्शनगृहात त्याच्या चित्रांचे सिंहावलोकनी, म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा आढावा घेणारे, प्रदर्शन भरले आणि पुढे ते अमेरिकेत क्लीव्हलंड व बोस्टन येथेही गेले. कलेतिहासकार प्येर रोझेनबेर्ग यांनी त्याची मांडणी केली होती. त्या प्रदर्शनाचे मोल कळण्यासाठी शार्दँ रंगवत असे त्या स्थिरचित्राला, म्हणजे फळे, भांडी अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राला, त्याच्या काळी कोणते स्थान होते, हे आधी पाहावे लागते.

सतराव्या शतकातच फ्रान्सच्या राजाश्रित चित्र-शिल्प अकादमीने चित्रविषयांची उतरंड ठरवून टाकली होती. पुराणे, धर्म आणि इतिहास यांतील प्रसंग सर्वांत वर, त्याखाली व्यक्तिचित्र, आणि फळे-फुले-भांडी अगदी तळाशी. बिलियर्डची टेबले बनवणाऱ्या सुताराच्या पोटी १६९९ मध्ये जन्मलेला शार्दँ १७२८ मध्ये अकादमीत दाखल झाला, तोही 'प्राणी व फळे रंगवण्यात निपुण' अशा शेऱ्यासह.

त्या वेळी त्याने सादर केलेल्या चित्रांपैकी एकात आकडीला टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा आहे. डावीकडे कालवांवर पाय रोवून पाठीची कमान केलेले मांजर आहे आणि सुरीची मूठ टेबलाच्या कडेबाहेर अशी आली आहे की हात आपसूक तिच्याकडे जावा. माशाच्या ओल्या, लालसर आतड्यांवरचा तो प्रकाश मला कोणत्याही युद्धप्रसंगाहून अधिक खिळवून ठेवतो. पुढे मातीस या आधुनिक फ्रेंच चित्रकारानेही या चित्राची प्रतिकृती केली.

दिदरो या फ्रेंच विचारवंताने १७६३ च्या सलोंवर, म्हणजे अकादमीच्या चित्रप्रदर्शनावर, लिहिताना शार्दँची मनापासून स्तुती केली. हा माणूस रंग घोटत नाही, तर वस्तूंचे द्रव्य, हवा आणि प्रकाशच कुंचल्याच्या टोकावर घेतो, असा त्याचा आशय होता. अकादमीनेही शार्दँला खजिनदार केले आणि सलोंमधील चित्रे टांगण्याचे काम सोपवले. म्हातारपणी दृष्टी अधू झाल्यावर तो तैलरंग सोडून पेस्टलकडे, म्हणजे रंगखडूंकडे, वळला.

१७७९ मध्ये तो गेला. नंतर प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या नवअभिजातवादाची लाट आली आणि त्याचे नाव मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलासमीक्षक तेओफील तोरे आणि लेखक गाँकूर बंधू यांनी त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. १८६९ मध्ये ला काझ या डॉक्टरने आपला चित्रसंग्रह पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाला दिला, त्यात शार्दँची अनेक चित्रे होती.

तरीही एक अडचण उरलीच होती. शार्दँ एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवत असे, त्यामुळे मूळ चित्र कोणते, आवृत्ती कोणती आणि कोणते आधीचे, हा गुंता ठिकठिकाणी विखुरलेली चित्रे शेजारी शेजारी लावल्याखेरीज सुटणारा नव्हता. सिंहावलोकनी प्रदर्शनाची खरी गरज तिथे होती.

पॅरिसच्या लिलावात २०२२ मध्ये त्याच्या रानस्ट्रॉबेरीच्या टोपलीच्या चित्राला २ कोटी ४० लाख युरोंहून अधिक किंमत आली. फ्रान्सने ते चित्र राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर जाऊ दिले नाही. २०२४ मध्ये लूव्हरने ते विकत घेतले, तेव्हा त्या रकमेत हजारो सामान्य लोकांच्या देणग्यांचाही वाटा होता. चित्रात आहे ते एवढेच: लाल फळांची रास, पाण्याचा पेला, दोन पांढरी फुले, एक पीच आणि दोन चेरी.