लिटल काइट्स

लिटल काइट्स : केरळमधील सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची तंत्रज्ञान मंडळे. शाळेतील संगणक, प्रोजेक्टर व तत्सम साधने चालू ठेवण्यास मदत करणे आणि ती वापरताना अडणाऱ्या शिक्षकांना व सोबत्यांना हात देणे, हे त्यांचे मूळ काम. ही मंडळे 2018 मध्ये सुरू झाली. पुढे त्यांचा पसारा सुमारे 2,000 शाळा आणि 1 लाखाहून अधिक विद्यार्थी इतका झाला.

विद्यार्थ्यांना असे काम सोपवण्याची कल्पना याआधीची आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथे डेनिस हार्पर यांनी 1995 च्या सुमारास मुलांना शिक्षकांचे तंत्रसहायक बनवणारा अभ्यासक्रम उभा केला. न्यूयॉर्कमध्ये 1997 साली स्थापन झालेल्या ‘माऊस’ या संस्थेनेही पुढे शाळांतून विद्यार्थ्यांची मदत-पथके तयार केली. केरळचे वेगळेपण असे की, तेथे संपूर्ण राज्याच्या शिक्षणखात्याने ही गोष्ट अंगावर घेतली.

त्यामागे निकड होती. राज्याच्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून (2001) शाळांत संगणक शिक्षण रुजले. 2017 मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. नंतरच्या हायटेक शाळा प्रकल्पात आठवी ते बारावीच्या सुमारे 45,000 वर्गखोल्यांत लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ध्वनिक्षेपक बसवण्यात आले. इतकी यंत्रे खोलीखोलीत पसरल्यावर एकट्या संगणक-शिक्षकाने कुठे कुठे धावायचे? संगणक कक्षाला कुलूप घालून ठेवणे हा आपल्याकडचा जुना तोडगा येथे चालण्यासारखा नव्हता.

आठवीच्या इच्छुक विद्यार्थ्यांची अभिक्षमता चाचणी घेऊन निवड होते. एका मंडळात साधारणपणे 20 ते 40 मुले असतात. मार्गदर्शक शिक्षकांना ‘काइट मास्टर’ व ‘काइट मिस्ट्रेस’ म्हणतात. मुलांना हार्डवेअर, अ‍ॅनिमेशन, मल्याळम संगणन (संगणकावर मल्याळम भाषेतून काम करणे), प्रोग्रॅमिंग, इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स आणि सायबर सुरक्षा यांचे प्रशिक्षण मिळते.

दुरुस्ती म्हणजे मुलांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यंत्र उघडणे नव्हे. हायटेक प्रकल्पातील साधनांना कंपनीची वॉरंटी होती आणि तक्रारी नोंदवण्यासाठी वेगळी ऑनलाइन सोय होती. मुलांचे काम त्याच्या अलीकडचे. तास सुरू झाला आणि पडद्यावर काहीच दिसेना, तर केबल घट्ट बसली आहे का, प्रोजेक्टरवर योग्य इनपुट निवडले आहे का, लॅपटॉपचे चित्र बाहेरच्या पडद्याकडे वळवले आहे का, हे ओळीने पाहायचे. बहुतेक वेळा घोडे इथेच अडलेले असते. एवढे करूनही चित्र आले नाही, तर नेमके काय बिघडले आहे ते शिक्षकांना सांगायचे. ‘प्रोजेक्टर बंद आहे’ आणि ‘दिवा लागतो, पण चित्र येत नाही’ या दोन तक्रारींतील फरकामुळे तंत्रज्ञाची एक फेरी वाचू शकते.

केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही मोकळेपणाने वापरता, बदलता व वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मार्ग धरला, ही बाब येथे फार मोलाची ठरली. शाळेचे संगणक लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालतात. त्यामुळे प्रणाली पुन्हा टाकायची झाली तर परवान्याचा प्रश्न येत नाही, आणि तीच प्रणाली विद्यार्थ्याला घरच्या संगणकावरही घालता येते. विकतच्या सॉफ्टवेअरवर इतका मोकळा सराव खात्याला परवडला असता असे वाटत नाही.

मंडळांचे काम हळूहळू शाळेबाहेरही गेले. मुले डिजिटल नियतकालिके काढतात, शाळेतील कार्यक्रमांचे चित्रीकरण करतात आणि ‘स्कूलविकी’ या शाळांच्या माहितीकोशासाठी मजकूर तयार करतात. 2022 मध्ये त्यांनी मातांसाठी सायबर सुरक्षेचे वर्ग घेतले. ओटीपी कुणाला सांगू नये, हे आईला आपल्याच शाळेतल्या मुलामुलींकडून ऐकायला मिळाले.

काम समाधानकारक असल्यास दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. या गुणांमुळे पालकांचा विरोध मावळतो. पण केवळ गुणांवर डोळा ठेवून येणारी मुलेही त्यातूनच येतात. चाचणीत मागे पडलेल्या, मात्र यंत्रात हात घालण्याची खरी हौस असलेल्या मुलाला या रचनेत फारशी जागा नाही. शिवाय दहावीच्या वर्षी अभ्यासामुळे अनुभवी मुले कामातून सुटतात, आणि केबलपासूनचे सगळे धडे नव्या तुकडीला पुन्हा द्यावे लागतात.