फॅडेट्स: मागच्या खुर्च्यांचा प्रश्न

बॉस्टनमध्ये १८८०च्या दशकात व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलींची वानवा नव्हती. ज्युलियस आइख्बर्ग यांनी १८६७ मध्ये काढलेल्या बॉस्टन कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेत मुलींना हे वाद्य मोकळेपणाने शिकवले जाई. अडचण पुढची होती. १८८१ साली सुरू झालेल्या बॉस्टन सिंफनी या मोठ्या वाद्यवृंदात बायकांना जागा नव्हती. उरली शिकवणी, नाहीतर बायकांचा स्वतंत्र वाद्यवृंद. असा एक ताफा १८७१ मध्ये व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला येऊन वाजवून गेला होता. त्यानंतर अमेरिकेत ‘लेडीज ऑर्केस्ट्रा’ निघू लागले.

१८८८ मध्ये उभा राहिलेला फॅडेट्स हा बॉस्टनचा ताफा त्यांतलाच एक. सुरुवातीला वादक मोजक्या होत्या. पुढे व्हायोलिनवादक कॅरोलिन निकल्स (१८६४–१९३९) यांच्या हाती कंडक्टरची, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याची, काठी आली आणि ताफा वाढत गेला.

वाढला खरा, पण वाढवायचा कसा? व्हायोलिने हवी तितकी मिळत. मागच्या खुर्च्यांवरची वाद्ये, म्हणजे फुंकून वाजवायची फ्रेंच हॉर्न, बसून, ओबो आणि खर्जाचे मोठे तंतुवाद्य डबल बेस, मिळत नसत. फुंकताना चेहरा वेडावाकडा होतो म्हणून फुंकायची वाद्ये मुलींच्या हाती कोणी देतच नसे. गुडघ्यांमध्ये धरायचे चेलो हे मोठे तंतुवाद्यसुद्धा काही जणी पाय एका बाजूला घेऊन वाजवत.

वाद्य नसले की त्याचे सूर दुसऱ्याकडे द्यायचे, हा छोट्या ताफ्यांचा नेहमीचा उपाय: बसूनचे चेलोला, हॉर्नचे व्हायोलाला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुरांचे वाद्य) किंवा हार्मोनियमला. तो कुठे फसतो हे संगीतकार शूबर्टच्या ‘अपूर्ण’ सिंफनीत नीट दिसते. पहिल्या भागाची सुरुवातीची धून ओबो आणि क्लॅरिनेट एका सुरात वाजवतात. ओबोऐवजी बासरी घातली की धून ऐकू येते, पण तिची नाकातली धार जाते. पुढे चेलोची प्रसिद्ध धून सुरू होण्याआधी हॉर्न आणि बसून एकच सूर लांब धरून ठेवतात. तो व्हायोलाला द्यावा, तर लगेच क्लॅरिनेटबरोबर तुटक ठेका धरायचे कामही व्हायोलाचेच. चेलोला द्यावा, तर धून उचलण्याआधीचा श्वास जातो. राहता राहिला हार्मोनियम, आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनचा भाऊबंद. तो सूर धरतो, पण हॉर्नसारखा दुरून आल्यासारखा विरत नाही.

म्हणून मुलींना ही वाद्ये शिकवून त्या खुर्च्यांवर बसवणे हाच खरा इलाज. निकल्स यांच्या कंडक्टरपणाचा गाजावाजा होतो. आमच्या मते त्यांचे मोठे काम शिकवण्याचे आणि त्या मुलींना पगार मिळवून देण्याचे. १९०२ पासून फॅडेट्स व्हॉडव्हिलच्या, म्हणजे करमणुकीच्या मिश्र खेळांच्या, रंगमंचावर गेल्या. कसरतपटू आणि विनोदवीरांच्या मधे वाजवणे अभिरुचीवाल्यांना खटकण्यासारखेच, पण तिथे आठवड्याचे पैसे ठरलेले होते आणि रोजच्या खेळांनी हात तयार होत होता. १९२० मध्ये ताफा बंद झाला, तोवर सहा हजारांवर कार्यक्रम झाल्याचा हिशेब सांगतात.

मोठ्या वाद्यवृंदांची दारे मात्र तंतुवाद्यांपुरतीच किलकिली झाली. लंडनमध्ये कंडक्टर हेन्री वुड यांनी १९१३ साली आपल्या वाद्यवृंदात सहा स्त्रिया घेतल्या: चार व्हायोलिने, दोन व्हायोला. बॉस्टन सिंफनीत डोरिओट अँथनी ड्वायर यांना प्रमुख बासरीवादकाची खुर्ची मिळाली ती १९५२ मध्ये. निकल्स यांना जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.